गालावरचा तारा

१

खण उघडल्याबरोबर आधी वास आला. व्हिनेगरचा, आंबूस, थेट नाकात जाणारा. खण मात्र रिकामा होता.

"काल इथेच होती," फ्राऊ ब्रांडल म्हणाल्या. त्या संस्थेच्या संग्रहाच्या प्रमुख होत्या आणि त्यांच्या हातून टाचणी हरवल्याचंही कुणाला आठवत नव्हतं. "कुलूप नव्हतं, कारण इथे कुलपाची कधी गरजच पडली नाही."

ती २००९ सालच्या डिसेंबरातली सकाळ होती. मी तेव्हा म्युनिकमध्ये प्राचीन रंगद्रव्यांवर पीएच.डी. करत होते आणि त्या निमित्ताने आठवड्यातले काही दिवस इजिप्तविद्येच्या एका लहान संस्थेत बसत असे. तिथे डॉ. श्यामकांत होते. मूळचे पुण्याचे, पण आयुष्य म्युनिकमध्ये गेलेले. मी त्यांना सर म्हणत असे. वाळवंटातल्या एका छोट्या देवळाच्या भिंतीवरचं चित्र आणि त्याभोवतीचा मजकूर यांचं भाषांतर हे त्यांच्या आयुष्याचं काम. एक गायिका वीणा घेऊन देवीसमोर बसली आहे, एवढंच ते चित्र. पण सर त्याबद्दल बोलू लागले की कॉफी थंड व्हायची.

हरवली होती ती त्या चित्राची एक फिल्म. पूर्वी भिंतीवर पारदर्शक फिल्म लावून चित्र मूळ आकारात उतरवून घेत. सरांच्या पत्नी, सुलेखाकाकू, चित्रकला शिकलेल्या. १९७६ साली लग्न होऊन काही महिनेच झाले असताना त्या सरांबरोबर तिथे गेल्या आणि सगळ्या फिल्म त्यांनीच उतरवल्या. बाकीच्यांचं स्कॅनिंग झालं होतं. देवीच्या चेहऱ्याची फिल्म तेवढी राहिली होती. त्या जातीची फिल्म जुनी झाली की आतून विघटन पावते आणि तिच्यातून व्हिनेगरची वाफ निघते. ही लागण शेजारच्या फिल्मनाही होते, म्हणून फ्राऊ ब्रांडलनी तिला एकटीला वेगळ्या खणात ठेवलं होतं.

संचालक, प्रोफेसर रॉयटर, खणाकडे बघत उभे राहिले.

"तो चेहरा दुसरीकडे कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"एका जुन्या लेखात. काळ्या-पांढऱ्यात, तळहाताएवढा," मी म्हणाले.

"आणि भिंतीवर क्षार चढलेत. म्हणजे पुरावा नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "नाताळच्या सुट्टीआधी श्यामकांतांचं पुस्तक छापायला जातंय. पुरावा नसेल तर देवीचा भाग वगळावा लागेल. आणि लोक विचारतील, नेमकी आत्ताच ही फिल्म कशी गेली? श्यामकांतनी तो चेहरा मनाने तर रचला नव्हता?"

देवीशिवाय ते पुस्तक म्हणजे नुसतं शीर्षक उरलं असतं. सर वसंतात निवृत्त होणार होते. दार उघडंच होतं आणि ते बाहेर, हातात टोपी घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

२

'नेमकी आत्ताच' याचा अर्थ मला ठाऊक होता, कारण निमित्त माझंच होतं.

आदल्या दुपारी संस्थेत नाताळपूर्व कॉफी होती. लेबकूखेन नावाची मसालेदार बिस्किटं, मेणबत्त्या, एकमेकांना चिठ्ठ्या टाकून द्यायच्या भेटी. तिथे मी सांगितलं होतं, की इजिप्तमधल्या सहकाऱ्यांनी भिंतीसमोरच्या जुन्या फळ्या काढल्या आहेत आणि अवरक्त कॅमेऱ्याने फोटो घेतले आहेत. इजिप्शियन निळा हा रंग डोळ्यांना दिसेनासा झाला, वर क्षारांचा पातळ थर असला, तरी त्या कॅमेऱ्यात पांढराशुभ्र चमकतो. फोटो आले की ते फिल्मवर ठेवून रेघ न रेघ जुळवायची होती. टेबलाशी मोजकीच माणसं होती. सर, काकू, रॉयटर, फ्राऊ ब्रांडल आणि सरांचा विद्यार्थी अनिमेष. सकाळी फिल्म नव्हती.

मी पोलीस नव्हे. पण प्रयोग फसला की कुठल्या पायरीवर फसला हे शोधायची सवय होती. मी आधी फ्राऊ ब्रांडलना गाठलं.

"मला ती फिल्म नकोच होती," त्या स्पष्ट म्हणाल्या. "इतरांना लागण करते. पण स्कॅन झाल्यावर ती नष्ट करायची परवानगी मला मिळालेली आहे. मी चोरी कशाला करू?"

"कॉफीनंतर या खोलीत कोण आलं होतं?"

"सगळेच. भेटींना कागद इथेच गुंडाळले ना! फ्राऊ सुलेखांनीच सगळ्यांच्या भेटी बांधून दिल्या. दरवर्षी देतात. काय तो हात! लाल कागद, सरळ घडी, कुठे सुरकुती नाही. सोनेरी कागदाची गुंडाळी तर उघडलीसुद्धा नाही, तशीच परत नेली." त्यांनी रिकामा खण ढकलून बंद केला. "दरवर्षी काम करताना गुणगुणतात त्या. ऐकायला छान वाटतं. काल मात्र गप्प होत्या."

अनिमेष नागपूरचा. तो तळघरातल्या कॉफी मशीनशी सापडला.

"ये ये, शेरलॉक ताई," तो म्हणाला. "मलाच धरणार आहेस ना? माझा आणि सरांचा वाद सगळ्या संस्थेला माहितीय."

"नीट सांग, काय वाद आहे?"

"अगं, देवीच्या डोक्यावर मजकूर आहे ना, त्यात चक्क लिहिलंय, 'जिचा चेहरा केवळ गाणारीला दिसतो'. केवळ! आणि चित्रात चेहरा कसा, तर सगळ्या जगाला दिसेल असा. डोळे, भुवया, ओठ, सगळं ठसठशीत. मग सरांनी काय केलं? 'जिचा चेहरा गाणारीला प्रिय' असं भाषांतर केलं. मी प्रबंधात लिहिलं, की मजकूर खरा आहे, चित्रातच काहीतरी गोम आहे. सर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत."

"म्हणजे फिल्म गेली तर तुझा फायदा."

"छे, उलट! ती भिंतीशी जुळवून बघा म्हणून मीच तर मागे लागलो होतो. आता ती नाही म्हटल्यावर मी जन्मभर ओरडत बसणार आणि लोक म्हणणार, ह्यानेच उडवली." त्याने कप ठेवला. "आणि तो तारा? देवीच्या गालावर एक ठिपका आहे. सरांनी त्यावर दीड पान लिहिलंय. म्हणे ध्रुवाजवळचा तारा, देवीचं आकाशाशी नातं. अख्ख्या इजिप्तमध्ये दुसऱ्या कुठल्या देवीच्या गालावर तारा दाखव, मी तुला जेवायला घालतो."

मी वर येऊन तो जुना लेख काढला. तळहाताएवढं चित्र. सरळ नाक, लांब डोळा, आणि गालावर, कानाच्या जरा पुढे, खरंच एक ठिपका.

तो चेहरा मी कुठेतरी पाहिला होता. इजिप्तमध्ये तर मी कधी गेलेच नव्हते.

३

संध्याकाळी मी पासिंग उपनगरात सरांच्या घरी गेले. एस-बान स्टेशनपासून त्यांचं घर जवळ. त्या घराची मला सवय होती. घरापासून दूर असलेल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी त्या स्वयंपाकघरात वरणभात खाल्ला होता. त्या दिवशी हायझुंग, म्हणजे खोली तापवणारा रेडिएटर, पूर्ण सोडलेली होती, खिडक्या वाफाळल्या होत्या, आणि दारातच आंबूस वास आला.

"केटल साफ केली गं काल, व्हिनेगर घालून," काकू म्हणाल्या. "इथलं पाणी म्हणजे नुसता चुना. बस. चहा टाकते."

"नको काकू, घसा बसलाय. नुसतं गरम पाणी द्या."

त्यांनी केटलमधलं पाणी पेल्यात ओतून दिलं. पेल्यात पांढरे बारीक कण गिरक्या घेत तळाशी बसले. म्युनिकमध्ये त्याची कुणाला नवलाई नसते. मी वरचं वरचं पाणी प्यायले.

सर खुर्चीत होते. एका दिवसात ते म्हातारे झाल्यासारखे वाटले.

"रॉयटरचं चुकत नाही," ते म्हणाले. "त्याच्या जागी मी असतो तर मीही हाच प्रश्न विचारला असता."

"सर, चेहरा उतरवला त्या दिवसाचं काही आठवतं?"

"मी नव्हतोच." ते थोडे हसले. "मला ताप चढला होता. जीपमध्ये घालून मला तालुक्याच्या इस्पितळात नेलं. ही एकटी राहिली, परक्या देशात, मुकादम आणि मजुरांबरोबर. वय काय, तर कॉलेज नुकतंच संपलेलं. मी परत आलो तोवर भिंत कलली म्हणून समोर फळ्या ठोकलेल्या. आमचे फोटो सगळे काळे आले होते. मग हिने फिल्म उलगडली." त्यांनी शाल गुडघ्यांवर ओढली. "कंदिलाच्या उजेडात मी तो चेहरा पहिल्यांदा पाहिला. मैथिली, मी देवबिव मानणारा माणूस नाही. पण तेव्हापासून मी त्या चेहऱ्याचंच भाषांतर करतोय. मजकुराचं नंतर."

"अहो, पुरे," काकू आतून म्हणाल्या. "औषध घ्या आधी."

"बघ, देवी बोलली," सर म्हणाले.

निघताना बूट घालायला वाकले, तर भिंतीवर त्या वर्षीच्या गौरींचा फोटो दिसला. म्युनिकच्या गौरी, पैठणीखाली बहुधा आयकियाचं स्टूल. नथ, गजरा, काजळ, तीट, शेवंतीची वेणी, काही म्हणता काही कमी नव्हतं. फोटोशेजारच्या कपाटावर सोनेरी कागदाची गुंडाळी ठेवली होती.

"काकू, आज गुणगुणत नाही आहात," मी सहज म्हणाले.

"घसा धरलाय माझाही," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

४

दुसऱ्या दिवशी फोटो आले.

आधी साधे, मग अवरक्त. क्षारांच्या करड्या पडद्यामागून एकेक गोष्ट पांढरी उजळत गेली. वीणेच्या तारांमागची पट्टी, गायिकेचा कंठहार, मजकुराच्या खुणा, देवीचा केशसंभार. अनिमेष माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"खाली घे. चेहरा."

लेखात स्पष्ट लिहिलं होतं, की देवीच्या भुवया आणि डोळ्याची रेघ निळी आहे. म्हणजे त्या चमकायला हव्या होत्या.

केसांच्या पांढऱ्या चौकटीत चेहऱ्याची जागा काळीच राहिली.

मी साधा फोटो मोठा केला. तिथे क्षार विरळ होते. खाली गुळगुळीत गिलावा. छिन्नीचा घाव नाही, खरवडल्याची खूण नाही, कुठलाच रंग नाही. कुणी चेहरा पुसला नव्हता. तो कधी काढलाच नव्हता.

"माझं खरं निघालं," अनिमेष म्हणाला. मग त्याचाच आवाज उतरला. "म्हणजे सरांनी..."

"थांब," मी म्हणाले.

मी मनात पायऱ्या उलट्या मोजत गेले. हे फोटो यावेत म्हणून दोन वर्षं खटपट केली ती सरांनी. चेहरा रचणारा माणूस असं करत नाही. फ्राऊ ब्रांडलना स्कॅननंतर फिल्म हक्काने नष्ट करता येणार होती. अनिमेषला ती जिवंत हवी होती, आणि रॉयटरना पुस्तक वेळेत. तुलनेची भीती फक्त एकाच माणसाला असू शकत होती, ज्याच्या हातून तो चेहरा कागदावर आला त्याला.

आणि मग मला पेला आठवला. केटलमध्ये व्हिनेगर उकळलं, की चुना विरघळतो. शाळेतला प्रयोग आहे तो. आदल्याच दिवशी साफ केलेल्या केटलमधून पांढरे कण पडायचं काही कारण नव्हतं. त्या घरातला वास केटलचा नव्हता. तापलेल्या हायझुंगजवळच्या कपाटावर, सोनेरी कागदाच्या आत, एक जुनी फिल्म विघटन पावत होती.

"कुठे निघालीस?" अनिमेषने विचारलं.

"जेवायला घालायची तयारी कर," मी म्हणाले. "तारा सापडलाय."

५

काकू एकट्याच होत्या. मी फोटोची प्रत टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, बघितलं, आणि चष्मा काढून ठेवला.

"कसं कळलं?"

"पाण्यात चुना होता, काकू. आणि गौरींच्या गालाला तीट आहे."

त्या फोटोकडे वळल्या. आपणच लावलेली तीट त्यांनी जणू नव्याने पाहिली. मग खुर्चीवर चढू लागल्या, तेव्हा मी त्यांना बसवून स्वतः गुंडाळी काढून आणली. सोनेरी कागदाचा पहिला वेढा सुटला आणि वासाने खोली भरली.

फिल्म पिवळी पडली होती, कडा वळल्या होत्या. पण चेहरा होता. आमच्याकडच्या पितळी मुखवट्यासारखा भरीव गाल, काजळ घातलेला डोळा. त्याचा मी इतका विचार केला होता, की ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

"लग्नानंतरच्या पहिल्या गौरी," काकू म्हणाल्या. "सासरी बसवायच्या. पण आमचं सगळं घाईत झालं. आधी हा देश, मग तो. गौरी राहूनच गेल्या. मनाला फार लागलं होतं. आणि तिथे हे तापाने फणफणलेले, जगतात की नाही कळेना. मी शिडीवर. देवीचा मुकुट उतरवला, केस उतरवले, हार उतरवला. आणि चेहरा नाहीच! इतकी नटवलेली बाई, आणि तोंड कोरं. मुखवटा न बसवता गौर उभी ठेवतं का गं कुणी? मला अपशकुनच वाटला तो. हात आपोआप चालला. आईच्या घरचा मुखवटा डोळ्यांसमोर होता. काढला. इतकी छान दिसली, की शेवटी तीट लावली. दृष्ट नको म्हणून."

"सांगायचं होतं ना सरांना."

"सांगणार होते. हे बरे होऊन आले, कंदील धरून बघत बसले. कितीतरी वेळ. माझ्याकडे कधी असं बघितलं नव्हतं." त्या किंचित हसल्या. "म्हटलं, उद्या सांगू. मग लेख छापून आला. मग तारा आला. दीड पान! मी काय म्हणणार, अहो, तो तारा नाही, काजळाचा ठिपका आहे?"

"पण फिल्म लपवल्यावर संशय सरांवरच आलाय, काकू."

"ते मला काल संध्याकाळी कळलं." त्यांनी फिल्मची वळलेली कड हाताने सपाट केली. "मला वाटलं, हरवली तर हरवली. जुनी होती, सडत होती. जुळवणी होणार नाही, फोटोत चेहरा नाही आला तरी क्षारांमुळे म्हणतील, पुस्तक तसंच निघेल. ह्यांना चोर ठरवतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. रात्रभर विचार करतेय, की कुणाला काय सांगू."

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली.

६

सर दारात बुटांवरचं बर्फ झटकत होते. आत आले, आणि टेबलावरच्या चेहऱ्याशी थबकले. मी बोलायला तोंड उघडलं, तर काकूंनी हाताने थांबवलं.

"अहो, ही मी काढलेली आहे," त्या म्हणाल्या. "भिंतीवर चेहरा नव्हता. लपवलीही मीच."

नंतर त्यांनी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. सर कोट न काढता ऐकत होते. मी खिडकीबाहेर बघत राहिले. खालच्या अंगणात कुणीतरी पायवाटेवरचं बर्फ खरवडत होतं आणि तो आवाज फार मोठा वाटत होता.

शेवटी सरांनी वाकून ठिपक्यावर बोट ठेवलं.

"आणि हा?"

"तीट."

"तीट," सर म्हणाले. "बर्लिनला परिषदेत चाळीस मिनिटं बोललोय मी ह्याच्यावर. लोकांनी टाळ्या वाजवल्या." त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं, ते रडतायत. ते हसत होते, आणि मग दोन्ही.

बऱ्याच वेळाने त्यांनी अवरक्त फोटो जवळ ओढला. कोऱ्या चेहऱ्याच्या वरचा मजकूर ते बोटाने वाचत गेले. तिथे बोट थांबलं, जिथे ते इतकी वर्षं अडखळत आले होते.

"जिचा चेहरा केवळ गाणारीला दिसतो," त्यांनी सावकाश म्हटलं. "अनिमेषचं बरोबर होतं. चित्रकाराने चेहरा काढलाच नाही. काढायचा नव्हताच. वाक्य सरळ आहे. मीच त्याला वाकवत होतो, कारण माझ्यासमोर हा चेहरा होता."

"माझ्यामुळे," काकू म्हणाल्या. "तुमचं आयुष्यभराचं काम."

सर विचार करत होते. विज्ञानातल्या माणसांचा तो चेहरा मला ओळखू येतो. नवं मोजमाप आलं, की आधी भीती जाते आणि मग उत्सुकता येते.

"सुलेखा, एक सांग. शिडीवर होतीस तेव्हा गुणगुणत होतीस का?"

"आता ते कुठलं आठवायला! गौरीची गाणीच म्हणत असणार. काम करताना मी कधी गप्प असते?"

"मुकादम मला म्हणाला होता. मॅडम सारा दिवस गात होत्या, मजुरांनी आपलं गाणं थांबवून ते ऐकलं." सरांनी चष्मा पुसला. "मग भिंतीवर लिहिलंय तसंच झालं. इतक्या शतकांनी एक गाणारी आली आणि तिला दिसला. बाकी कुणाला दिसायचा नव्हताच तो."

काकूंनी उठून सरांच्या अंगावरचा कोट उतरवला, बर्फाने ओला झालेला, आणि हायझुंगवर टाकला.

पुढचं थोडक्यात सांगते. दुसऱ्या दिवशी सर फिल्म घेऊन स्वतः रॉयटरांपुढे गेले. काकूही बरोबर गेल्या. पुस्तक नाताळआधी गेलं नाही, वसंतात गेलं, भाषांतर नव्याने करून. तारा गेला. अनिमेषचं नाव प्रस्तावनेत आलं आणि त्याने मला कबूल केल्याप्रमाणे जेवायला घातलं. फ्राऊ ब्रांडलनी स्कॅन करून फिल्म नष्ट केली, पण आधी खणासमोर जरा वेळ उभ्या राहिल्या, असं मला नंतर कळलं.

सर आता नाहीत. काकू पुण्याला परत गेल्या. पुस्तक माझ्याकडे आहे. देवीच्या पानावर केसांची निळी चौकट आहे आणि आत कोरा गिलावा. ते चित्र अचूक आहे, मी स्वतः तपासलेलं. पण अर्पणपत्रिकेच्या पानावर, मजकूर नाही, नाव नाही, फक्त मधोमध एक बारीक काळा ठिपका आहे. छपाईतला डाग समजून लोक तो बोटाने पुसायला जातात.